लोहगावची धावपट्टी नेमकी कोणाची?

पुण्याहून सुटणारं विमान रखडलं की पहिला राग एअरलाइनवर निघतो आणि दुसरा टर्मिनल चालवणाऱ्या विमानतळ प्राधिकरणावर. हवाई दलाचा विषय निघालाच तर 'मिलिटरीचं विमानतळ आहे, चालायचंच' म्हणून सोडून दिला जातो. पण इथल्या उड्डाणांच्या वेळा, इथे उतरणाऱ्या विमानांचे आकार, खिडकीतून फोटो काढायला असलेली बंदी आणि धानोरी-वडगाव शेरीतल्या इमारतींची उंची, या सगळ्याचं मूळ एकच आहे. लोहगावची धावपट्टी भारतीय हवाई दलाची आहे. प्रवासी विमानं ती हवाई दलाच्या परवानगीने आणि हवाई दलाच्या सोयीने वापरतात. टर्मिनल कितीही मोठं बांधलं तरी यात फरक पडत नाही, आणि पुण्याच्या विमानतळाबद्दलच्या बहुतेक चर्चा इथेच चुकतात.

कुंपणाच्या अलीकडे आणि पलीकडे

अशा व्यवस्थेला सिव्हिल एन्क्लेव्ह म्हणतात. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या १९९४ च्या कायद्यात तिची व्याख्या आहे. तिचा मथितार्थ असा, की सैन्यदलाच्या मालकीच्या विमानतळावर प्रवासी, त्यांचं सामान आणि माल हाताळण्यासाठी नेमून दिलेली जागा म्हणजे सिव्हिल एन्क्लेव्ह. व्याख्येत जागा आहे, इमारती आहेत, धावपट्टी नाही.

लोहगावला प्राधिकरणाकडे टर्मिनल, एरोब्रिज, सामानाचे पट्टे, वाहनतळ आणि विमानं उभी करायचा एप्रन आहे. आतली सुरक्षा सीआयएसएफ बघते, कस्टम्स आणि इमिग्रेशन आपापल्या खात्यांचं. धावपट्टी, बरेचसे टॅक्सीवे (विमानांना धावपट्टीपर्यंत नेणारे रस्ते), नियंत्रण मनोरा आणि आसपासचं आकाश हवाई दलाकडे.

एखाद्या उड्डाणाचा माग काढला की ही वाटणी स्पष्ट होते. दार बंद होईपर्यंत सगळं नागरी यंत्रणेच्या हातात असतं. वैमानिक इंजिन सुरू करायची परवानगी मागतो तेव्हा रेडिओवर पलीकडे हवाई दलाचा नियंत्रक असतो. ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलतो, विमान टॅक्सीवेला लागतं, तिथून हवाई दलाच्या हद्दीतून धावपट्टीच्या तोंडाशी येऊन थांबतं. उड्डाणाची परवानगीही त्याच मनोऱ्यातून मिळते. पुण्याच्या आकाशातून बाहेर पडून पुढच्या नागरी नियंत्रण कक्षाकडे सोपवलं जाईपर्यंत ते हवाई दलाच्या देखरेखीखालीच उडत असतं.

श्रीनगर, चंडीगड, बागडोगरा, जोधपूर ही हवाई दलाच्या तळांवरची अशीच विमानतळं. गोव्याचं दाबोळी आणि विशाखापट्टणम नौदलाचं. नागपूरला मात्र उलट आहे. सोनेगावला हवाई दलाचा तळ असला तरी विमानतळ नागरी आहे आणि हवाई दल तिथल्या नागरी धावपट्टीचा वापर करतं. म्हणून पुणे आणि नागपूर यांची तुलना करताना नुसते प्रवाशांचे आकडे समोर ठेवून भागत नाही.

१९३९ पासूनचा हिशेब

लोहगावचा तळ १९३९ मध्ये ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने उभारला. मुंबईचं हवाई संरक्षण हा त्यामागचा हेतू. दुसऱ्या महायुद्धात इथे मॉस्किटो आणि वेलिंग्टन बॉम्बफेकी विमानं आणि स्पिटफायर लढाऊ विमानं होती. मे १९४७ मध्ये तळ भारतीय हवाई दलाकडे आला.

डिसेंबर १९६१ मधल्या गोवा मुक्तीच्या कारवाईत लोहगावचा वाटा मोठा होता. त्या वेळी हवाई दलाची विमानं पुणे आणि बेळगावजवळचं सांबरा या दोन तळांवर जमवली होती. १८ डिसेंबरला विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड बॉम्ब टाकले. त्यानंतर आणखी आठ कॅनबेरांची दुसरी फेरी झाली. टर्मिनल आणि नियंत्रण मनोऱ्याला धक्का लावायचा नाही, फक्त धावपट्टी निकामी करायची, अशा स्पष्ट सूचना होत्या आणि त्या पाळल्या गेल्या. तरीही पोर्तुगीजांनी धावपट्टीचा काही भाग घाईघाईने बुजवून त्याच रात्री दोन प्रवासी विमानं बाहेर काढली. पुढे दाबोळीचा तळ नौदलाकडे गेला आणि त्याच्याच धावपट्टीवर गोव्याचं पर्यटन वाढलं. आज एकाच पंगतीत बसणाऱ्या या दोन विमानतळांचा पहिला संबंध असा आला होता.

पुढच्या काळात लोहगाव हे हवाई दलाच्या नव्या विमानांचं पहिलं घर होत गेलं. १९८७ मध्ये मिग-२९ आली. १९९७ मध्ये सुखोई-३० ची पहिली तुकडी आली आणि २७ सप्टेंबर २००२ रोजी सुखोई-३० एमकेआय इथेच हवाई दलात दाखल झालं. या बाजूला नागरी वाहतूकही वाढतच होती. २००५ मध्ये दुबई आणि सिंगापूरच्या थेट उड्डाणांनी पुणे आंतरराष्ट्रीय झालं. म्हणजे हवाई दलाची जड, लांब पल्ल्याची लढाऊ विमानं आणि माहिती तंत्रज्ञानाच्या लाटेवर वाढलेली प्रवासी गर्दी एकाच दशकात एकाच धावपट्टीवर येऊन आदळली. तेव्हापासूनची ओढाताण अजून संपलेली नाही.

दोन स्वभावांची विमानं, एक धावपट्टी

धावपट्टीला १०/२८ असं नाव आहे. एका टोकाकडून ती चुंबकीय दिशेच्या अंदाजे १०० अंशांकडे जाते, दुसऱ्याकडून २८० अंशांकडे. विमान नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध उतरतं आणि उडतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, त्यामुळे २८ क्रमांकाची बाजू वापरात येते आणि विमानं वाघोलीकडून येऊन उतरतात.

ही धावपट्टी वापरणाऱ्या दोन जमातींच्या गरजा मात्र अगदी वेगळ्या आहेत.

प्रवासी विमान दूरवरून एका सरळ रेषेत, ठरलेल्या उताराने खाली येतं. लढाऊ विमानं बऱ्याचदा जोडीने किंवा चौघांच्या गटाने परततात, वेगात धावपट्टीच्या डोक्यावर येतात, तिथून एकामागोमाग एक तीव्र वळण घेतात आणि छोटा फेरा मारून उतरतात. नियंत्रकाला या दोन प्रकारच्या रांगा एकमेकींत ओवायच्या असतात. सरळ येणाऱ्या दोन विमानांमधल्या फटीत चार सुखोई बसवायची, तर ती फट आधीपासून मोठी ठेवावी लागते.

दुसरा प्रश्न इंधनाचा. प्रवासी विमानाकडे नियमाप्रमाणे पर्यायी विमानतळावर जाण्यापुरतं आणि त्यावर आणखी ३० मिनिटं घिरट्या घालण्यापुरतं इंधन असावंच लागतं. सरावावरून परतणाऱ्या लढाऊ विमानाकडे इतकी चैन नसते. सराव संपवून ते थेट उतरायच्या बेतानेच येतं. मग थांबवायचं कोणाला? ज्याच्याकडे थांबायला इंधन आहे त्याला. बारामती किंवा नगरच्या आकाशात तुमचं विमान गोल गोल फिरत असेल तर कारण अनेकदा हेच असतं. यात मानपानाचा प्रश्न नसतो, टाकीत किती इंधन आहे एवढाच प्रश्न असतो.

तिसरी गोष्ट उतरल्यानंतरची. सुखोई उतरल्यावर वेग कमी करायला शेपटीतून पॅराशूट सोडतं. ते नंतर विमानापासून सुटं होतं आणि जमिनीवरचे कर्मचारी ते गोळा करतात. नको त्या जागी ते पडलं तर मागच्या विमानाला उतरता येत नाही, कारण कापड किंवा दोर इंजिनात ओढला गेला तर इंजिन गेलंच म्हणायचं. लढाऊ विमानांच्या तळांवर धावपट्टीच्या टोकाला अरेस्टर बॅरियरही असतो. ब्रेक निकामी झालेल्या लढाऊ विमानाला अडवणारी ही जाळी प्रवासी विमानं ये-जा करत असताना खाली पाडलेली असावी लागते. तिची उघडझाप करणं आणि ती नीट बसली याची खात्री करणं हे काम मिनिटं खातं.

आणि खडे. धावपट्टीवरचा सुटा खडा, बोल्ट, टायरचा तुकडा यांना विमानतळाच्या भाषेत एफओडी म्हणतात. सुखोईच्या हवा ओढणाऱ्या तोंडांना जमिनीवर असताना आडव्या येणाऱ्या जाळ्या असतात, प्रवासी विमानाच्या इंजिनाला त्या नसतात. म्हणून धावपट्टी वेळोवेळी झाडावी आणि तपासावी लागते, आणि तपासणीची गाडी धावपट्टीवर आहे तोवर बाकी सगळं थांबतं. गाड्यांच्या या ये-जा करण्यात चूक झाली तर काय होऊ शकतं हे १५ फेब्रुवारी २०२० रोजी दिसलं. दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं ए-३२१ सुमारे १२० नॉट वेगात, म्हणजे ताशी २२० किलोमीटरने धावत असताना धावपट्टीवर एक जीप आणि एक माणूस दिसला. वैमानिकाने वेळेआधीच नाक वर उचललं. शेपटी धावपट्टीला घासली, पण विमान हवेत गेलं आणि दिल्लीला सुखरूप उतरलं.

पाऊण तास बंद, तीन तास उशीर

सकाळी आठला धावपट्टी पाऊण तास बंद होती, मग माझं अकराचं विमान का रखडलं? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आकड्यांत द्यायला हवं.

समजा धावपट्टीवर तासाला जास्तीत जास्त १५ हालचाली होऊ शकतात. हालचाल म्हणजे एक उड्डाण किंवा एक अवतरण. आणि त्या वेळी वेळापत्रकात तासाला १२ आहेत. सगळं सुरळीत असेल तर तासाला तीनची फट शिल्लक राहते. आता एका विमानाचं टायर फुटलं. ते स्वतःच्या चाकांवर बाजूला जाऊ शकत नाही. तंत्रज्ञ गाडी घेऊन जातात, चाक बदलतात किंवा विमान ओढून नेतात, मग रबराचे तुकडे वेचले जातात, धावपट्टीची तपासणी होते, त्यानंतर ती उघडते. यात ४५ मिनिटं गेली, तर तेवढ्या वेळात नऊ विमानं तुंबली. धावपट्टी उघडल्यावर नेहमीच्या १२ बरोबर तासाला फक्त तीन जास्तीची निघणार. नऊचा ढीग उपसायला तीन तास लागतात.

हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण गणित तेच राहतं. क्षमता आणि मागणी यांतली फट जितकी लहान, तितका छोट्या अडथळ्याचा परिणाम लांबत जातो. लोहगावला प्रवासी वाहतुकीसाठी वापरात असलेली धावपट्टी एकच असल्यामुळे दुसरीकडे वळवायची सोय नाही. वरच्या विमानांनी इंधनाचा अंदाज घेऊन मुंबई, गोवा किंवा हैदराबाद गाठायचं, एवढाच पर्याय. तिकडे गेलेलं विमान परत येईपर्यंत त्याची पुढची उड्डाणंही लांबतात आणि कर्मचाऱ्यांचे कामाचे तास संपत आले असतील तर थेट रद्द होतात.

यात समांतर टॅक्सीवेचाही भाग आहे. धावपट्टीला पूर्ण लांबीचा समांतर रस्ता असेल तर उतरलेलं विमान पटकन बाहेर पडतं. नसेल तर त्याला धावपट्टीवरूनच मागे वळून यावं लागतं आणि तेवढी मिनिटं धावपट्टी अडून राहते. लोहगावला हा टॅक्सीवे व्हावा अशी मागणी जुनी आहे. टर्मिनलमधल्या संगमरवरापेक्षा प्रवाशांना त्याचा उपयोग कितीतरी जास्त होईल.

मे महिन्यात धावपट्टी 'आखूड' होते

लोहगावची धावपट्टी २,५३५ मीटर लांब आहे. मुंबईची मुख्य धावपट्टी ३,४४८ मीटर. फरक ९०० मीटरचा दिसतो, पण प्रत्यक्षात तो याहून मोठा आहे, कारण लोहगाव समुद्रसपाटीपासून ५९२ मीटर उंचीवर आहे आणि उन्हाळ्यात तिथे चाळीस अंशांपर्यंत पारा चढतो.

उंचीवरची हवा विरळ, तापलेली हवा आणखी विरळ. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. त्यामुळे हवेत जायला जास्त वेग लागतो, तो मिळवायला जास्त अंतर. प्रमाणित वातावरणात ५९२ मीटरवर तापमान साधारण ११ अंश असायला हवं. पारा ४० वर असेल तर फरक २९ अंशांचा, आणि वैमानिकांच्या ठोकताळ्यानुसार प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट धरले तर विमानाला वाटणारी उंची ५,४०० फुटांच्या आसपास जाते. लोहगावची खरी उंची १,९४२ फूट आहे.

धावपट्टीच्या आराखड्यासाठी एक जुना हिशेब वापरतात: दर ३०० मीटर उंचीला ७ टक्के आणि प्रमाणित तापमानाच्या वरच्या दर अंशाला १ टक्का लांबी वाढवायची. उन्हाळ्याचं सरासरी कमाल तापमान ३८ अंश धरून हे लोहगावला लावलं तर उंचीचे जवळपास १४ टक्के आणि उष्णतेचे २७ टक्के होतात. दोन्ही मिळून वाढ ४० टक्क्यांच्या पुढे जाते. उलट मोजलं तर मे महिन्याच्या दुपारची २,५३५ मीटरची धावपट्टी ही समुद्रकाठच्या थंड सकाळच्या पावणेदोन हजार मीटरच्या धावपट्टीइतकीच कामाची ठरते. वाढ ३५ टक्क्यांच्या वर गेली की नुसत्या या हिशेबावर विसंबायचं नाही, विमानागणिक वेगळा अभ्यास करायचा असा दंडक आहे. त्यामुळे हा आकडा अंदाज म्हणूनच घ्यावा.

एअरलाइनच्या दृष्टीने याचा अर्थ वजन. ए-३२० निओचं कमाल उड्डाण वजन ७९ टन आहे. दुपारी धावपट्टीला ते पेलवत नसेल तर आधी माल उतरवतात, मग काही जागा रिकाम्या ठेवतात. इंधनाला हात लावता येत नाही, कारण पल्ला ठरलेला असतो. जवळच्या देशांतर्गत उड्डाणांना इंधन कमी लागत असल्याने हा त्रास फारसा जाणवत नाही. युरोप-अमेरिकेसाठी भरलेलं मोठं विमान पुण्याहून का उडत नाही, त्याचं एक मोठं कारण मात्र इथे आहे. लांबच्या उड्डाणांना पहाटेची किंवा रात्रीची थंड वेळ सोयीची, आणि त्या वेळा सगळ्यांनाच हव्या असतात.

धावपट्टी वाढवण्याचे प्रस्ताव त्यासाठीच आहेत. पण ती वाढवायची तर दोन्ही टोकांपुढची जमीन, वीजवाहिन्या, रस्ते आणि इमारती यांचा अडथळा मोजावा लागतो. टोक ५०० मीटर पुढे सरकलं की त्यापुढची उंचीची मर्यादाही तितकीच पुढे सरकते आणि आज नियमात बसणारी इमारत उद्या अडथळा ठरते.

डांबर थंड होईपर्यंत

धावपट्टीचं डांबरीकरण हा नुसता रस्त्याचा मुलामा नसतो. गरम मिश्रण पसरायचं, रोलर फिरवायचा, ते थंड होऊन घट्ट होईपर्यंत थांबायचं, सांधे तपासायचे, पट्टे रंगवायचे, दिवे परत बसवायचे. रोज सकाळी विमानं यायच्या आत नव्या-जुन्या थराच्या जोडावर हळुवार उतार द्यावा लागतो, पायरी राहून चालत नाही.

लोहगावला हे काम २६ ऑक्टोबर २०२० पासून वर्षभर रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात झालं आणि त्या काळात रात्रीची सगळी नागरी उड्डाणं बंद होती. शेवटच्या टप्प्यात, १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे १४ दिवस विमानतळ पूर्ण बंद ठेवावं लागलं. दोन धावपट्ट्या असलेल्या शहरात हे काम एक बंद ठेवून दुसरीवर वाहतूक वळवून होतं. पुण्याला तो मार्ग नव्हता. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की कोविडमुळे वाहतूक आधीच आटलेली होती.

नवं टर्मिनल आलं, मग काय बदललं?

नव्या टर्मिनलचं उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झालं आणि १४ जुलै २०२४ पासून तिथून उड्डाणं सुरू झाली. सुमारे ५२,००० चौरस मीटरची इमारत, वर्षाला ९० लाख प्रवाशांची क्षमता. चेक-इनच्या, सुरक्षा तपासणीच्या रांगा कमी झाल्या आणि ही सुधारणा खरीच मोठी आहे. पण टर्मिनल माणसं मोजतं, धावपट्टी विमानं मोजते. उड्डाणांची संख्या वाढायची तर हवाई दलाकडून जास्तीच्या वेळा मिळायला हव्यात, विमान उभं करायला बे हवेत आणि बेसाठी जमीन हवी. ती जमीनही बहुतांशी संरक्षण खात्याची असल्याने अदलाबदलीचे करार, मोजणी, मंजुरी यांत वर्षं जातात.

वेळापत्रक वर्षातून दोनदा ठरतं. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. पुण्याला नवी उड्डाणं कधी येणार हे पाहायचं असेल तर याच दोन तारखांच्या आधीच्या महिन्यांत नजर ठेवावी.

पुरंदर तालुक्यात पूर्णपणे नागरी विमानतळ उभारण्याचा प्रस्ताव याच कोंडीतून आलेला आहे. पारगाव, खानवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, एखतपूर आणि मुंजवडी या गावांतल्या जमिनी त्यासाठी हव्या आहेत आणि तिथल्या शेतकऱ्यांनी त्याला तीव्र विरोध केला. फळबागांची जमीन जाणार असताना तो असणारच. ते विमानतळ झालं तरी लोहगावचा हवाई दलाचा तळ जिथे आहे तिथेच राहणार. गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये मोपा सुरू झाल्यावरही दाबोळीहून प्रवासी उड्डाणं चालूच राहिली.

फोटो आणि पक्षी

विमानतळावर आणि विमानातून उड्डाण-अवतरणाच्या वेळी फोटो काढण्यावर १९३७ च्या विमान नियमांतल्या १३ व्या नियमाने बंधन आहे. मे २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संरक्षण दलांच्या विमानतळांसाठी, विशेषतः पश्चिम सीमेजवळच्या, आणखी कडक आदेश काढला: १०,००० फुटांच्या खाली खिडक्यांचे पडदे बंद, फक्त आपत्कालीन दरवाजाजवळच्या खिडक्या उघड्या. असे आदेश परिस्थितीप्रमाणे बदलतात, म्हणून केबिनमधली सूचना ऐकावी. उभ्या असलेल्या लढाऊ विमानांची संख्या, त्यांच्या आश्रयांची जागा, धावपट्टीची अवस्था हे सगळं एका साध्या मोबाइल फोटोत येतं, हे त्यामागचं कारण.

पक्ष्यांचा धोका दोन्ही प्रकारच्या विमानांना आहे. पहिल्या पावसानंतर गवतात किडे आणि गांडुळं निघतात, त्यांच्यामागे टिटव्या आणि बगळे येतात. घारींना मात्र उघड्यावरचा कचरा आणि मांसाचे तुकडे ओढून आणतात. म्हणूनच विमानतळाच्या मध्यबिंदूपासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा किंवा कत्तलीचे अवशेष टाकायला नियम ९१ ने बंदी आहे. विमाननगर, लोहगाव, धानोरी, येरवडा हे सगळं त्या वर्तुळात येतं. कोपऱ्यावर साठलेला कचऱ्याचा ढीग हा इथे विमानाच्या सुरक्षेचा प्रश्न असतो.

घर घेणाऱ्यांनी काय तपासावं

विमानाने कधी न जाणाऱ्या माणसालाही लोहगावचा तळ एका ठिकाणी भेटतो, तो म्हणजे बांधकामाच्या परवानगीत. नागरी विमानतळाजवळ उंचीचं ना-हरकत प्रमाणपत्र प्राधिकरण देतं, लोहगावसारख्या ठिकाणी ते हवाई दलाकडून घ्यावं लागतं.

उंचीची मर्यादा समजायला नागरी मानकांचे आकडे उपयोगी पडतात. धावपट्टीभोवती ४ किलोमीटरपर्यंत, विमानतळाच्या उंचीपेक्षा ४५ मीटर वर एक आडवं अदृश्य छत धरलेलं असतं. त्याच्यापुढे ते छत ५ टक्के चढाने, म्हणजे दर १०० मीटरला ५ मीटर, वर जातं. धावपट्टीच्या टोकासमोरचा पट्टा मात्र फार कडक असतो. तिथे टोकापासून ६० मीटरवर सुरू होऊन फक्त २ टक्के चढ मिळतो. टोकापासून दीड किलोमीटरवर छताची उंची २८.८ मीटर भरते. लष्करी तळाच्या मर्यादा यापेक्षा वेगळ्या असू शकतात आणि अंतिम शब्द प्रमाणपत्राचाच.

गफलत होते ती जमिनीच्या उंचीत. छत समुद्रसपाटीपासून मोजतात, प्लॉटच्या जमिनीपासून नाही. लोहगावचे ५९२ आणि वरचे ४५ मिळून ६३७ मीटर झाले. बाजूच्या एखाद्या टेकाडावरचा प्लॉट ६१० मीटरवर असेल तर बांधायला उरतात २७ मीटर. तीन मीटरचा मजला धरला तर कागदावर नऊ मजले, पण पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, वीजरोधक सळई हे सगळं त्याच २७ मीटरांत बसवायचं असतं. म्हणजे सात, फार तर आठ. शेजारच्या खोलगट प्लॉटवर दहा मजले उभे दिसतात म्हणून इथेही होतील असं धरणं चुकीचं आहे. बांधकामावरची क्रेनसुद्धा याच छताखाली राहावी लागते.

उंचीशी संबंध नसलेली दुसरी बंधनं १९०३ च्या वर्क्स ऑफ डिफेन्स ॲक्टची आहेत. तळाच्या भिंतीपासून १०० मीटर आणि दारूगोळ्याच्या साठ्याभोवती ९०० मीटरचा पट्टा. स्थानिक लोक त्याला बॉम्ब डम्पचा पट्टा म्हणतात, आणि लोहगाव, वडगाव शेरी, कळस, धानोरी या भागातल्या हजारो घरांचे प्रश्न त्यात अडकलेले आहेत. या पट्ट्यात बैठं घर असलं तरी आडकाठी येते, कारण इथे धोका स्फोटाचा आहे.

तेव्हा या भागात सदनिका घेताना बिल्डरकडे हवाई दलाच्या प्रमाणपत्राची प्रत मागावी. त्यात समुद्रसपाटीपासूनची मान्य कमाल उंची आणि जागेची उंची हे दोन आकडे शोधावेत, पहिल्यातून दुसरा वजा करावा आणि नकाशातल्या इमारतीच्या सर्वांत वरच्या टोकाशी ताडून पाहावा. अक्षांश-रेखांश त्याच सर्व्हे क्रमांकाचे आहेत ना, हेही बघावं, कारण एका प्लॉटचं प्रमाणपत्र शेजारच्या प्लॉटला चालत नाही. प्रकल्पाची कागदपत्रं महारेराच्या संकेतस्थळावर असतात, तिथे नंतर वाढवलेले मजले दिसले तर त्यांच्यासाठी नवं प्रमाणपत्र घेतलंय का ते विचारावं. १०० आणि ९०० मीटरच्या पट्ट्यांची खातरजमा बिल्डरच्या शब्दावर न सोडता महापालिकेच्या बांधकाम खात्यात नकाशावर करून घ्यावी.